रूडी हवरानची दुसरी नळी

आमच्या आईच्या मयतीला माझ्या भावाने शवपेटीचे सांधे तपासले होते. खोटं नाही सांगत. लोक रांगेने येऊन तिच्या हाताला हात लावून पुढे जात होते, आणि वॉरेन झाकणाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत उभा. शेवटी त्याने दफनवाल्याला बाजूला घेतलं आणि सुनावलं, की डावीकडचा कोपरा केसभर उघडा आहे, या कामाचे पैसे घेताना लाज वाटायला हवी होती. दफनवाला बिचारा चर्चमध्ये आमच्याच बाकावर बसणारा. त्याचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, अरे, आज तरी गप्प बस. तर मला म्हणतो, "नेटी, सांधा उघडा आहे तो आहे. आई मेली म्हणून मिटणार आहे का?"

असा आमचा वॉरेन प्रॉसर. माझ्याहून थोरला. माझा नवरा डेल गेल्यावर मी त्याच्याच घरी राहायला आले. त्याला ना बायको, ना पोर. लग्न केलं असतं तरी त्याने बायकोला खिडकीपाशी उजेडात धरून बघितलं असतं आणि खोट काढून माहेरी परत पाठवलं असतं.

नदीकाठी पोलादी पाइपांचा कारखाना होता, तिथे तो तपासनीस. हातात कायम लाल खडू. पाइपावर फुली मारली की तो पाइप भंगारात, आणि ज्या पाळीने तो काढला त्या पाळीच्या कमाईला कात्री. त्याच्या फुलीला कुणी आव्हान दिलं आणि जिंकलं, असं माझ्या ऐकण्यात नाही. पण स्वतः या माणसाने उभ्या जन्मात काही बनवलं नाही. घरात खिळा ठोकायचा तरी मीच ठोकायची, आणि तो मागे उभा राहून सांगायचा की वाकडा जातोय. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. मात्र शेळी कुठल्या पायाने लंगडतेय हे त्याला उंटावरूनही दिसायचं, एवढं कबूल करायला हवं.

कारखान्याबाहेर त्याची सत्ता चालायची ती बंदुकांच्या क्लबात. आमच्या ओहायोच्या या कोपऱ्यात पुरुषांना नाद दोनच, बोलिंग नाही तर बंदुका. महायुद्धात इंग्रजांनी घाईगर्दीत स्टेन नावाची एक मशीनगन काढली होती. दिसायला सायकलचा पंप. अंग म्हणजे एक नळी, आणि बाकीचं सगळं त्या नळीला जोडलेलं. युद्धानंतर त्या तोडून त्यांचे सुटे भाग पोत्यापोत्याने स्वस्तात विकले गेले. आमच्याकडचे गडी ते पोतं आणायचे, सरकारकडे अर्ज करायचे, कर भरायचे, आणि परवानगी आली की गॅरेजमध्ये नवी नळी घालून बंदूक उभी करायचे. बनवणाऱ्याने आपलं नाव, गाव आणि नंबर नळीवर कोरायचा, हा कायदा. मग शहाऐंशीच्या मे महिन्यात सरकारने दार लावून घेतलं. त्यानंतर नवी एकही नोंदता येईना. झालं, ज्या बंदुका लोकांनी शनिवारी बिअर पीत पीत हौसेखातर केल्या होत्या, त्या एकेका मोटारीच्या किमतीला जायला लागल्या.

आणि मग त्यातली कुठली हाताने घडवलेली आणि कुठली नुसती चिकटवलेली, हे सांगणारा माणूस लागायला लागला. वॉरेन ते आधीपासूनच फुकट सांगत होता. आता लोक त्याच्याकडे टोपी हातात धरून यायला लागले.

क्लबाची एक रीत आहे. ऑक्टोबरमध्ये एका रविवारी टेबल लागतं. हिरव्या कापडावर घरगुती बंदुका मांडायच्या, आणि नळीवरच्या नावावर निळी चिकटपट्टी मारायची. कुणाचं काम आहे ते वॉरेनला कळू नये, म्हणून. तो एकेक उचलणार, उजेडात फिरवणार, निकाल देणार, आणि मग पट्टी काढून नाव वाचायचं. याला ते न्याय म्हणतात. मला विचाराल तर त्या पट्टीनेच त्याचं फावलं. समोर तोंड दिसलं की माणूस जरा तरी कचरतो. पट्टीला कोण कचरतंय?

वाईट निकालातून टोपणनाव पडायचं आणि ते माणसाला चिकटायचं. आमच्या शेजारच्या लॉइडच्या बंदुकीचा रंग ठिकठिकाणी उडालेला होता. वॉरेन म्हणाला, हिला खरूज झालीय. लॉइड मेला तेव्हा पेपरात त्याचं नाव वाचून लोकांनी विचारलं, हा कोण? मग कुणी सांगितलं, अरे तो खरूज. तेव्हा कुठे मयतीला माणसं जमली.

आणखी एक नियम इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नळी दुरुस्त करा, घासा, भरा, काय वाटेल ते करा, पण बदलायची नाही. नोंद असते ती त्या लोखंडाची. नवी नळी घेऊन तिच्यावर जुना नंबर कोरला, तर ती नवी मशीनगन झाली. आणि नवी मशीनगन म्हणजे तुरुंग. ज्याच्या घरात सापडेल त्याला, आणि माहीत असून गप्प बसेल त्यालाही, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात.

रूडी हवरान कारखान्यात माझ्या डेलच्याच भट्टीवर होता. स्लोव्हाक घरातला, रुंद खांद्यांचा, आणि लाजाळू इतका, की आमच्याकडे जेवायला आला तर दुसऱ्यांदा वाढून घ्यायला मला त्याच्या हातातून ताट ओढावं लागायचं. पंच्याऐंशी साली त्याने आपली बंदूक केली. वेल्डिंग तेव्हा तो नुकतंच शिकत होता. नळी डाव्या बाजूने ओघळलेली, वरची अक्षरं घसरलेली. डेलने त्याला सांगितलंही होतं, की यंदा राहू दे, पुढच्या वर्षी ठेव. पण पहिलं पोर सगळ्यांना दाखवावंसं वाटतं ना, तसं झालं त्याचं.

वॉरेनने ती दोन बोटांनी उचलली. मेलेला उंदीर उचलतात तशी.

"हा मोरीचा पाइप कुणी उपटून आणला?" तो म्हणाला. "घरी बायको गुडघाभर पाण्यात उभी असेल."

हॉल असा हसला की खिडक्या वाजल्या. मग पट्टी काढली आणि क्लबाच्या अध्यक्षाने नाव मोठ्याने वाचलं. रूडीची बायको ऑल्गा तेव्हा स्वयंपाकघरात माझ्या शेजारी उभी राहून अक्रोडाचा रोल कापत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही. कापतच राहिली, सगळ्या चकत्या कागदासारख्या पातळ.

त्या दिवसापासून रूडीचा मोरी झाला. कारखान्यात त्याच्या कपाटाला कुणीतरी खरा गटाराचा पाइप तारेने बांधून ठेवला. त्याची मुलगी मारिका शाळेच्या बसमध्ये चढली की पोरं नाक धरायची, आणि त्या पोरीला बापाने काय केलंय हेही नीट माहीत नव्हतं. पुढे तिच्या लग्नात नवऱ्याच्या मित्राने ग्लास उंचावून त्यावरच विनोद केला. अहो, आमचे पाद्रीबाबासुद्धा एकदा चर्चच्या पायरीवर म्हणाले, काय रूडी, मोरी वाहतेय ना? रूडी सगळ्यांबरोबर हसायचा. चारचौघांत असा हसणारा माणूस घरी गेल्यावर काय करतो, ते ऑल्गाला विचारा. जेवणाचं ताट घेऊन गॅरेजमध्ये जायचा म्हणे, आणि ताट थंड होऊन परत यायचं.

मी वॉरेनला एकदा म्हटलं होतं, अरे, पोरीच्या लग्नातही त्या माणसाला सोडत नाहीत, तू एक शब्द टाक. तर म्हणाला, "मी नळीला म्हटलं होतं, माणसाला नव्हे. लोकांच्या तोंडाला मी काय बूच लावू?" आणि पेपर उघडला. तिथेच विषय संपला.

कारखाना बंद पडला तेव्हा रूडीला दुसऱ्या गावी काम मिळालं, इस्पितळाच्या खाटांचे भाग करायचं. तिथे त्याचा हात बसला. बसला म्हणजे काय, तिथले लोक अवघड काम त्याच्यासाठी बाजूला ठेवायचे, असं डेल सांगायचा. पण क्लबात कुणाला त्याचं काय? तिथे तो मोरीच. टेबलावर तो परत कधी आला नाही. बाहेर गाडीत बसायचा, आणि ऑल्गा आत येऊन मला मदत करून जायची.

मग त्याची फुप्फुसं गेली. भट्टीवरच्या बऱ्याच जणांची जातात, डेलचीही तशीच गेली. नाकात नळ्या आणि मागे चाकांवर ऑक्सिजनची टाकी, असा तो हिंडायला लागला. डॉक्टरने सांगितलं होतं, वसंत बघितला तर नशीब. त्याच सप्टेंबरात एक दिवस तो माझ्या दाराशी आला. वॉरेन घरी नाही हे बघूनच आला होता.

मी कॉफी ओतली. तो बराच वेळ दम जमवत बसला. मग म्हणाला, यंदा टेबलावर ठेवणार आहे.

"कशाला रे बाबा?" मी म्हटलं. "एवढी वर्षं हसून घेतलंस ते पुरेना का?"

"नीट केलीय नेटी. आता बघवेल." त्याने कप दोन्ही हातांत धरला होता. "मला त्याच्या तोंडून एकदा ऐकायचंय. चांगली आहे, एवढंच. मग खुशाल नेऊन पुरा मला."

मला वाटलं, वेल्डिंग घासून काढलं असेल, भरलं असेल. ते तर चालतंच. मला कुठे एवढं कळतंय? मी त्याला केक बांधून दिला आणि सांगितलं, ये, जरूर ये, मी खिडकीतून बघत असेन.

क्लबाच्या स्वयंपाकघराला हॉलकडे उघडणारी खिडकी आहे, तिच्यातून आम्ही राजमा-खिम्याच्या चिलीचे वाडगे पुढे सरकवतो. त्या रविवारी माझं अर्धं लक्ष पातेल्यात आणि अर्धं टेबलाकडे. वॉरेनचं काम नेहमीसारखं चाललं होतं. एकाला म्हणाला, ही विक, पण रात्री विक. एकाला म्हणाला, हे वेल्डिंग आहे का कबुतर बसून गेलंय? लोक हसत होते, आणि ज्यांची पट्टी निघायची होती ते जरा जास्तच मोठ्याने हसत होते.

मग त्याने रूडीची उचलली. म्हणजे ती रूडीची आहे हे मला ठाऊक होतं. ब्लँकेटातून ती बाहेर काढताना मी बघितलं होतं.

वॉरेन खिडकीकडे वळला. नळी उजेडात धरली, फिरवली, अंगठा सांध्यावरून नेला, परत आणला. चष्मा पुसला. हॉलमधली कुजबुज हळूहळू बंद झाली. त्याने ती कापडावर अशी ठेवली की आवाजसुद्धा आला नाही, आणि डोक्यावरची टोपी काढली. माझ्या हातातला डाव पातेल्यावर तसाच राहिला. राष्ट्रगीताला काढतो तेवढीच, एरवी ती टोपी झोपतानाच उतरते.

"अशी मी दुसरी पाहिलेली नाही," तो म्हणाला. "कारखान्यातून आलेलीसुद्धा नाही. ज्याने ही केली त्याला लोखंड कळतं. कुणाची आहे?"

हॅरल्ड मेट्झ म्हणजे आमचा अध्यक्ष, विमा विकणारा माणूस. त्याने पट्टी सोलली आणि वाचायला तोंड उघडून तसाच थांबला. मग म्हणाला, "आर. हवरान."

क्षणभर कुणाला कळेचना. आणि मग टाळ्या अशा पडल्या, बाई, असा गोंधळ झाला. ज्यांनी जन्मभर त्याला मोरी म्हटलं होतं तेच त्याच्या पाठीवर थापा मारत होते. रूडी टाकीच्या दांड्याला धरून उभा, आणि नाकातल्या नळ्यांवरून डोळ्यांतलं पाणी ओघळतंय. मीही रडले, लपवायचं काय त्यात? हॉलमधल्या निम्म्या लोकांच्या मनात आलंच असणार, की ती जुनी ओघळलेली नळी अशी झाली कशी? न कळायला ते काही दुधखुळे नव्हते. पण अशा वेळी माणसं मनात आलेलं गिळतात आणि टाळी वाजवतात. तेवढी माणुसकी असते माणसात.

वॉरेन टाळी वाजवत नव्हता. त्याने ती परत उचलली होती आणि डावी बाजू बघत होता.

मग तो टेबलाला वळसा घालून रूडीजवळ आला. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या भावाला असा कुणाच्या खांद्यावर हात ठेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. आणि इतक्या मऊ आवाजात बोलला, की मला वाटलं, झालं, देव पावला.

"रूडी, हे तू केलंस? शाब्बास. मग ती जुनी, ती मोरीची नळी, तिचं काय केलंस रे?"

पंचवीस वर्षं त्या माणसाने या एका आवाजाची वाट पाहिली होती. तो बेसावध होता, लग्नातल्या नवरदेवासारखा फुललेला होता. त्याने सरळ सांगितलं.

"आहे ना घरी. गॅरेजच्या फळीवर. टाकवली नाही माझ्याच्याने."

रूडीच्या अगदी जवळ उभे होते ते सगळ्यांत आधी मागे सरले. त्याच्या पाठीवर हात होता त्या माणसाने हात काढून खिशात घातला.

वॉरेन वळून सगळ्यांना म्हणाला, "लोखंडाला जखम झाली तर व्रण राहतो. कितीही घासा. हिच्यावर व्रण नाही. म्हणजे ही ती नव्हेच." आणि टोपी परत डोक्यावर घातली.

हॅरल्डने जाऊन दाराला आतून कडी घातली. तो घामाघूम झाला होता. म्हणाला, आता हे सगळ्यांनी ऐकलंय, ऐकलंच नाही असं कुणाला म्हणता येणार नाही, क्लबाचा परवाना जाईल, घरं जातील. कुणीतरी म्हणालं, रूडीला तशीच घरी नेऊ दे आणि आपण विसरून जाऊ. त्यावर वॉरेन म्हणाला, मी विसरणार नाही. एक तर सरकारी कचेरीत फोन करा, नाही तर ही नळी इथेच, आत्ता, सगळ्यांसमोर कापा. जुनी घरी आहे, तिची नोंद शाबूत आहे, तिला कुणी हात लावत नाही.

रूडी काहीतरी सांगत होता. की विकायची नव्हती, चालवायचीही नव्हती, त्याच्या अंगात पोतं उचलायची ताकद नाही तर ही काय चालवणार. तो म्हणत होता, दाखवून झाल्यावर मी जुनीच परत चढवणार होतो. कुणी ऐकत नव्हतं. सगळे हॅरल्डकडे बघत होते आणि हॅरल्ड वॉरेनकडे.

रूडीचा जावई पुढे झाला, म्हणाला, द्या इकडे, मी कापतो. त्याला सासऱ्याचे डोळे बघवत नव्हते.

"ज्याने केली त्यानेच," वॉरेन म्हणाला.

गॅसने कापली असती तर पटकन झालं असतं, पण ऑक्सिजनच्या टाकीशेजारी ज्योत कशी पेटवणार? म्हणून हातकरवत आणली. नळी शिकंज्यात आवळली आणि रूडीला समोर उभं केलं. त्याने पोलाद चांगलं निवडलं होतं, म्हणून वेळ लागला. चार हात मारायचे, थांबायचं, दम घ्यायचा, परत चार. मध्ये पातं बोथट झालं ते बदललं. कुणी खाली बघत होतं, कुणी घड्याळाकडे, पण कडी काढून बाहेर जायला एकही उठला नाही. गेला तर तोच सरकारी कचेरीत फोन करायला गेला, असा संशय.

आणि माझा भाऊ बाजूला उभा राहून म्हणतो, "तिरकं जातंय रूडी. सरळ धर."

मी डाव घेऊनच बाहेर आले. म्हटलं, वॉरेन, पुरे झालं, माणूस मरेल इथे. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. "नेटी," म्हणाला, "तुझी चिली करपतेय."

करपलीच होती. सगळं पातेलं फेकावं लागलं. तुकडे हॅरल्डने गोळा केले, नाव असलेला तुकडा आणखी दोनदा कापला, आणि सगळं गोणपाटात घालून घेऊन गेला. रूडीला जावयाने उचलून गाडीत नेलं. बाहेर पडताना मागून कुणीतरी हलकेच म्हणालं, मोरी तुंबली. अंधारात कोण ते कळलं नाही, नाही तर तो डाव मी त्याच्या टाळक्यात घातला असता.

गाडीत मी वॉरेनला विचारलं, तुला तोंड उघडायची काय गरज होती? सगळे टाळ्या वाजवत होते. कुणी काही विचारत नव्हतं. त्याने आमच्या गल्लीत गाडी वळवली. मग म्हणाला, "मी टोपी काढली होती नेटी. सगळ्यांसमोर. त्याने मला फसवलं."

एवढंच. कायदा नाही, क्लब नाही, काही नाही. याने टोपी काढली, आणि ती रूडी हवरानसाठी निघाली, हे त्याला सोसवलं नाही. माझा सख्खा भाऊ, एकाच आईचं दूध प्यायलेला, आणि त्या वेळी मला त्याची किळस आली. घरी जाऊन मी माझी खोली आतून लावून घेतली.

नोव्हेंबरात ऑल्गाचा फोन आला. रूडीने अंथरूण धरलं होतं आणि तो वॉरेनचं नाव घेत होता. मी त्या दिवशी वॉरेनला जेवायलाच दिलं नाही. म्हटलं, आधी चल, मग ताट. रस्ताभर मी त्याला विनवलं. अरे, दोन शब्द. तुझं काय जातंय? तो माणूस पुढचा रविवार बघत नाही. खोटं बोल असंही मी सांगत नाही, तूच म्हणाला होतास तेच परत म्हण. वॉरेन म्हणाला, बघू. मला वाटलं, बघू म्हणतोय म्हणजे म्हणेल.

त्यांनी पलंग पुढच्या खोलीत आणला होता. घरात कोबी आणि नूडल्सचा वास येत होता. खाणारं कुणी नव्हतं, पण ऑल्गाला हातांना काम हवं होतं. रूडी उशांवर टेकून बसलेला, अर्ध्याहून कमी झालेला. वॉरेनला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला, आणि मला ते पाहवलं नाही. ज्याने आपल्या छाताडावर पाय ठेवला त्याच्यासाठी हा उठून बसतोय.

वॉरेन खुर्चीत बसला नाही. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला, टोपी डोक्यावर.

"वॉरेन," रूडी म्हणाला, आणि पुढचं बोलायला त्याला वेळ लागला. "चांगली होती ना ती?"

"कुठली?"

"ती. कापली ती."

वॉरेनने पलंगाच्या लाकडी कठड्यावर हात टेकला होता. अंगठा सांध्यावरून फिरत होता, सवयीने.

"रूडी, तुझ्या नावाची बंदूक एकच आहे. ती मी पंच्याऐंशी साली बघितली. निकाल तेव्हाच दिलाय."

आणि तो निघून गेला. जाळीचं दार आपटल्याचं ऐकू आलं, मग गाडीचं दार. ऑल्गा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिने ॲप्रनला हात पुसले, आणि परत आत गेली.

मी पलंगाच्या कडेला बसले आणि रूडीचा हात घेतला. त्या हाताला अजून पोलादाचा वास होता, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. मी म्हटलं, रूडी, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्याने टोपी काढली होती. अशी दुसरी पाहिली नाही, असं तो म्हणाला होता, अख्ख्या हॉलने ऐकलंय. तो मेला हट्टी आहे, त्याचं सोड. मी सांगते तुला. चांगली होती रे. फार चांगली होती.

रूडीने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. माझ्या हातावर त्याने दोनदा थोपटलं, मीच आजारी असल्यासारखं.

"तुला काय कळतं गं त्यातलं, नेटी," तो म्हणाला, आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं.